सत्तेचाळीस घरायचा एकुलता एक मेल आयडी

मी एक जुना मेल आयडी आहे, मित्रांनो. मले हात नाही, पाय नाही, तोंड नाही. मले कोणी धुत नाही, कोणी पुसत नाही. पण माझं पोट एवढं मोठं आहे का त्यात सारा सौंसर तालुका, तिथले संत्र्याचे बगीचे, कापसाच्या गाड्या अन् बसस्टँडवर बसलेल्या म्हशीसुद्धा मावतीन, अन् वरतून जागा उरन. खोटं सांगत असीन तं आत्ताच्या आत्ता माझा पासवर्ड गळून पडो!

माझा जन्म सौंसरले बसस्टँडजवळ नितीनच्या ऑनलाइन दुकानात झाला. अकरा वर्षं झाली त्याले. रामाकोन्याचे दादाजी आपल्या बगीच्यात ठिबक लावायचा फारम भरायले आले होते. नितीन भराभर बोटं चालवून राहिला होता, तो एका जागी येऊन अडकला.

"दादाजी, तुमचा मेल आयडी सांगा."

"तो कुठं भेटते?"

"भेटत नाही, बनवा लागते. इथं लाल चांदणी आहे पाहा. हा खाना भरल्याबिगर फारम पुढं सरकत नाही."

"मंग बनव ना बापा. पण मजबूत बनवजो, पुन्हा पुन्हा यायले मले टाइम नाही."

नितीननं गावाचं नाव घेतलं, त्याले संत्रा जोडला, अन् शेवटी एकवीसचा आकडा लावला. रामाकोना-संत्रा-एकवीस. झालं माझं बारसं! एकवीस काहून? तं माझ्याआधी वीस जणायनं हेच नाव घेऊन टाकलं होतं म्हणे. मी तं चाटच पडलो. रामाकोन्याच्या संत्र्याचं नाव लावून जगात वीस जण फिरून राहिले, अन् रामाकोन्याले पत्ताच नाही!

नितीननं समोरच्या चहाचा घोट घ्याच्या आत माझं पहिलं पत्र येऊन पडलं. सात समुद्रापलीकडून आलं होतं, स्वागताचं. मित्रांनो, आमच्या गावची एसटी बंद पडली तेव्हापासून सौंसरहून घरी पोचायले माणसाले तास लागते, अन् हे पत्र एका घोटात जग ओलांडून आलं. मी त्याच्याकडे पाहतच राह्यलो.

आता माझ्या गावाची एक रीत सांगतो. आमच्याकडे एक मोठा गंज आहे, शंभर माणसाचं वरण शिजन असा. तो कोण्या एकाचा नाही. मांडव कोणाच्याही दारी पडो, गंज त्याच्या घरी जाते अन् घासून-पुसून वापस येते. कोणी म्हणत नाही का हा माझा, तुम्ही दुसरा आणा. गावानं मलेही त्या गंजासारखंच वापरलं. पीक विम्याचा फारम असो, राशन कार्डाचा असो, पोरायच्या स्कॉलरशिपचा असो, नितीन माणूस पाहूनच विचारे, "रामाकोन्याचे ना? मंग आयडी मले पाठ आहे."

असे करत करत सत्तेचाळीस घरं माझ्या नावावर लागली. खरं सांगतो, मले भल्ला गर्व झाला होता. मले वाटे, सरपंचाले पाच वर्षांनी बदलतेत, मले कोण बदलते?

मंग एक दिवस गावच्या बायका पांढुर्ण्याले लग्नाच्या साड्या घ्यायले गेल्या. दुकानात एक डब्बा ठेवला होता. चिठ्ठीवर नाव लिहा, नंबर लिहा, मेल आयडी लिहा अन् कुकर जिंका! अकरा बायकायनं अकरा चिठ्ठ्या टाकल्या, अन् अकराही चिठ्ठ्यांवर मीच. कुकर कोणाले लागला ते आजवर कोणाले ठाऊक नाही. पण कोणीतरी त्या चिठ्ठ्यांची यादी उतरवून घेतली. ती एकानं दुसऱ्याले देली, दुसऱ्यानं तिसऱ्याले. अन् मी पांढुर्ण्याच्या डब्ब्यातून निघालो तो थेट जगाच्या चव्हाट्यावर.

मंग जी पत्रं सुरू झाली, काय सांगू तुमाले! एक पत्र अशा देशातून आलं का तिथं सहा महिने सूर्य मावळत नाही. ते माझ्या पोटात पडलं तेव्हाही चटका लागे इतकं गरम होतं. एक बर्फाच्या मुलखातून आलं, ते दोन दिवस कुडकुडत होतं, अन् त्याच्यासंगं मलेही हिव भरलं. कोणी म्हणे तुमाले बक्षीस लागलं. कोणी म्हणे आठ दिवसात डोक्यावर केस उगवतीन. एक राजकुमार तं रोज लिहे का माझं सारं राज्य तुमालेच द्याचं आहे, फक्त पत्ता कळवा. रामाकोन्यासारख्या गावाले राजकुमार रोज आठवण करते, हे पाहून मी दिपून गेलो. त्या पत्राचे कागद करून पाळ बांधली असती तं कन्हान नदी गावाजवळच अडली असती.

नितीन या पत्रायले स्पॅम म्हणे. मतलब फालतू डाक. पाठवणाऱ्याले तुमचं नाव ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते. तो मूठभर दाणे फेकल्यासारखी लाखो जागी पत्रं फेकते, अन् कुठं कोंब फुटते ते पाहत बसते.

पण देवकाबाईले हे कोण सांगन?

देवकाबाई म्हणजे दादाजीची बायको. वीरेंद्र त्यायचा पोरगा, नागपूरले नोकरीवर. त्यानं आईले मोबाइल घेऊन देला, माझा पासवर्ड बदलला अन् मले त्यात बसवून देलं. दादाजी तं मोबाइलले हात लावत नव्हते. देवकाबाईले मात्र एक बटण भेटलं. ते दाबून बोललं का आपोआप लिहिलं जाते. बस्स! त्या दिवसापासून ती खाटेवर बसून साऱ्या पत्रायले उत्तरं द्यायले लागली.

"आलेल्या पत्राले उत्तर नाही द्याचं?" ती दादाजीले म्हणे. "दारात आलेल्या माणसाले पाणी न विचारता वापस पाठवतो का आपण?"

राजकुमाराले तिनं लिहिलं, "तुमचं पत्र पोचलं. इकडं सारे मजेत आहो. संत्र्याचा आंबिया बहार यंदा बरा आहे. राज्य कोण्या गरजू माणसाले द्या, आमच्यानं बगीचाच पाह्यला जात नाही." केसाच्या तेलवाल्याले लिहिलं, "आमच्या घरी टक्कल कोणालेच नाही, दादाजी सोडून. अन् त्यायले ते शोभते."

दादाजी बाजेवरून वरडले, "माझ्या टकलाची खबर परदेशात कायले पाठवून राहिली?"

"काहून? त्यायनं विचारलं!"

मित्रांनो, तिचं मन पाण्यासारखं साफ होतं. पण घोळ इथंच झाला. पाठवणाऱ्याले तोवर ठाऊक नव्हतं का या पत्त्यावर कोणी राहते का नाही. उत्तर गेलं, अन् त्याले कळलं का घरात माणूस आहे, दिवा लागला आहे, अन् माणूस बोलकाही आहे. त्यानं आपल्या साऱ्या गोतावळ्याले सांगितलं. पहिले रोजची वीस पत्रं येत, मंग दोनशे यायले लागली.

अजून एक गोष्ट समजून घ्या. माझ्यासारख्या आयडीच्या दारात एक चौकीदार बसते. त्याले चेहरा नाही, डोळे नाही. तो पत्राचा वास घेते. चांगलं वाटलं तं समोरच्या बैठकीत बसवते, फालतू वाटलं तं मागच्या कोठ्यात ढकलते. त्या कोठ्याले स्पॅमचा फोल्डर म्हणतेत. तीस दिवस झाले का तो कोठा आपोआप साफ होते. चौकीदार भल्ला हुशार, पण तो शिकते कोणापासून? तं मालकाच्या बोटापासून. देवकाबाई राजकुमारासंगं गप्पा मारते हे पाहून त्याले वाटलं, हे तिचे सोयरे दिसतेत. त्यानं राजकुमाराले, तेलवाल्याले, साऱ्यायले समोर आणून बसवलं.

अन् खरे पाहुणे? ते गेले मागं. ते कसे, तेही ऐका.

सरकारी दफ्तरं, कॉलेजं, परीक्षावाले यायची पत्रं मशीन पाठवते. त्यायच्या खाली लिहून राहते, 'कृपया या पत्राला उत्तर देऊ नये.' देवकाबाईनं हे पहिल्यांदा वाचलं तं तिच्या कपाळावर आठ्या आल्या.

"हा कसा माणूस म्हणावं? स्वतः बोलते अन् आपल्याले म्हणते तू बोलू नको! एवढी कायची मिजास!"

तिनं 'फालतू' म्हणून बटण दाबलं. पुन्हा तसं पत्र आलं, पुन्हा दाबलं. सात-आठदा असं झाल्यावर चौकीदार समजून गेला. 'उत्तर देऊ नये' लिहिलेलं दिसलं का त्याची गचांडी धरून कोठ्यात.

आता यंदाच्या जून महिन्यातली गोष्ट.

आमच्या गावात प्रियंका म्हणून एक पोरगी आहे. शालिकराम अन् सुशीला तिचे मायबाप, दोघंही बगीच्यात संत्र्याच्या तोडीले जातेत. प्रियंकाले नर्स व्हायचं होतं. मागच्या साली ती परीक्षेत चार नंबरानं हुकली. यंदा तिनं पुन्हा परीक्षा देली. फारम नितीनच्या दुकानात भरला, अन् नितीननं सवयीनं लाल चांदणीच्या खान्यात मले टाकलं.

जूनच्या पहिल्या हप्त्यात तिचं पत्र आलं. छिंदवाड्याच्या नर्सिंग कॉलेजचं. साधंसुधं, रंग नाही, फुगे नाही, आरडाओरडा नाही. 'कुमारी प्रियंका शालिकराम, आपली निवड झाली आहे. वीस तारखेला, शनिवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत खालील बटण दाबून होकार कळवावा. अन्यथा जागा पुढील उमेदवाराला देण्यात येईल.' अन् त्याच्या खाली, 'कृपया या पत्राला उत्तर देऊ नये.'

चौकीदारानं वास घेतला अन् उचलून मागं फेकलं.

मले सारं दिसून राहिलं होतं. त्या कोठ्यात शेकडो पत्रं आरडत होती, नाचत होती, घ्या घ्या म्हणत होती. अन् त्यायच्या मधात ते एक पत्र गुमान पडून होतं, एका पोरीचं सारं जीवन पोटात घेऊन. मित्रांनो, मी राजकुमार पाहून दिपलो होतो, पण खरं नवल ते होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीचा एवढासाही आवाज नाही! मी लय तडफडलो. पण मले तोंड नाही. दिवस जात राह्यले.

वीस तारखेले दुपारी दोन वाजता प्रियंकाले सौंसरच्या बसस्टँडवर दिपाली भेटली. दोघी संगंच परीक्षेले बसल्या होत्या.

"काय वो, होकार देला ना तू?" दिपालीनं विचारलं.

"कायचा होकार? मले तं काहीच आलं नाही. मी समजली, यंदाही गेलं."

"नाही कसं आलं? यादीत तुझं नाव माझ्या नावाच्या वर आहे! मेल पाह्य ना. आज पाच वाजता बंद होते!"

प्रियंका धावत नितीनच्या दुकानात गेली. "दादा, माझ्या फारमात कोणता मेल टाकला तुम्ही?"

नितीननं डोकं खाजवलं. "गावचाच टाकला. जो साऱ्यायचा टाकतो तो."

"मंग उघडा!"

"पासवर्ड वीरेंद्रनं बदलला ना. आता तो फकस्त देवकाकाकूच्या मोबाइलात उघडते." त्यानं दादाजीले फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "काकू जामसांवलीले गेली. शनिवार आहे."

प्रियंकानं देवकाबाईले सात फोन लावले. पण हनुमानाच्या दारात शनिवारी एवढ्या घंटा वाजतेत का तिथं मोबाइलची घंटा कोण ऐकते? पोरगी ऑटोत बसली अन् निघाली. जामसांवलीले पोचली तं माणसाले माणूस लागून. एकेका बाईचा चेहरा पाहत पाहत शेवटी तिले देवकाबाई दिसली, एका प्रसादाच्या दुकानासमोर, बाकड्यावर, पाय पसरून.

"काकू, मोबाइल द्या!"

"अवो माय, आधी प्रसाद तं घे. कशी धापा टाकून राहिली!"

"पाच वाजता सारं बंद होते काकू. माझं कॉलेजचं पत्र तुमच्या मोबाइलात आहे."

"माझ्या मोबाइलात? मंग तं मी त्याले उत्तर देलंच असन. एकालेही तसंच नाही पाठवलं मी."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. देवकाबाईनं मले उघडलं. अन् समोरच, साऱ्यात वर, लाल-पिवळ्या अक्षरात एक पत्र नाचत होतं. 'अभिनंदन! नर्सिंगची सीट पक्की! लगेच इथे दाबा!'

"हे घे! आलं ना तुझं पत्र!" देवकाबाई टाळी वाजवून बोलली. "दाब लवकर!"

प्रियंकाचं बोट त्याच्यावर आलं. माझा जीव, आता मले जीव आहे का नाही ते तुम्हीच ठरवा, पण तो माझ्या गळ्यापर्यंत आला. ते पत्र सोंगाड्या होतं. अडमिशनच्या दिवसात असे सोंगाडे टोळीनं सुटतेत. बोट पडलं असतं तं त्यानं तिचा पासवर्ड मागितला असता, मोबाइलवर आलेला ओटीपीचा नंबर मागितला असता, अन् तोवर पाच वाजून गेले असते.

बोट वरच थांबलं.

"काय झालं?" देवकाबाई म्हणे.

"काकू, यात माझं नाव नाही. 'प्रिय उमेदवार' लिहिलं आहे. ज्याले माझा नंबर लागला हे ठाऊक आहे, त्याले माझं नाव ठाऊक नाही?" तिनं पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं, तसा खालून त्याचा पूर्ण पत्ता उघडला. कॉलेजचं नाव कुठंच नव्हतं, नुसती आडवीतिडवी अक्षरं अन् आकडे. "हे खोटं आहे."

मित्रांनो, मी अकरा वर्षांत लाखो पत्रं पाह्यली. पण एवढ्या घाईत, एवढ्या गर्दीत, रडू येत असताना कोणाचं बोट असं थांबलेलं मी पहिल्यांदा पाह्यलं. जग ओलांडणाऱ्या पत्रापेक्षा मले ते थांबलेलं बोट मोठं वाटलं.

मंग ती मागच्या कोठ्यात उतरली. तिथं नऊशे पत्रं! एक एक सरकवत चालली. शोधायच्या खान्यात आपल्या बापाचं नाव टाकावं हे तिले सुचलं. 'शालिकराम' लिहिलं, अन् नऊशेपैकी एकच पत्र वर आलं. फालतू पत्रवाल्यायले शालिकराम कुठून ठाऊक?

"भेटलं!" ती ओरडली.

चार वाजून अडतीस मिनिटं. तिनं बटण दाबलं. गोल चक्कर फिरायले लागलं. एवढ्या गर्दीत नेटवर्क कुठचं? चक्कर फिरते, फिरते, फिरतेच. पोरीचे डोळे भरून आले.

"इकडं आण," देवकाबाई बोलली. साठ वर्षांची बाई बाकड्यावर चढली अन् मोबाइल डोक्यावर धरून उभी राह्यली. दुकानदार वरडला, "ओ माताजी, गिर जाओगी!" ती म्हणे, "तू बाकडं पकड!" दोन बायका अजून आल्या, त्यायनं तिचे पाय धरले. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं. मी उंच आभाळात होतो, खाली सारी जामसांवली होती, अन् माझ्या अंगातून एका पोरीचा होकार निघाला, वाऱ्यावर बसला अन् छिंदवाड्याच्या वाटेनं गेला. मी त्याची पाठ पाह्यली, खोटं नाही सांगत.

टिंग झालं. 'आपला होकार मिळाला आहे. जागा निश्चित.'

प्रियंका रस्त्यावरच खाली बसली अन् रडायले लागली. देवकाबाई उतरली, तिनं चष्मा पुसला अन् ते खरं पत्र खालपर्यंत वाचलं. शेवटची ओळ आली तसं तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा तोच आहे. उत्तर देऊ नका म्हणणारा. मीच याले हाकलला होता वो."

"काकू, त्याले उत्तर वाचताच येत नाही. मशीन आहे ते. म्हणून पहिलेच सांगून टाकते."

"मंग हाच तं इमानदार निघाला!" देवकाबाईनं कपाळावर हात मारला. "अन् त्या गोडबोल्यायले मी समोर बसवून त्यायची खुशाली विचारत राह्यली. माझ्या हातानं तुझं वर्ष गेलं असतं पोरी."

प्रियंकानं तिच्या हातातला प्रसाद घेतला अन् खाल्ला. "नाही गेलं ना," ती बोलली. "बाकड्यावर कोण चढलं होतं?"

त्याच संध्याकाळी प्रियंका नितीनच्या दुकानात गेली अन् तिनं आपला स्वतःचा मेल आयडी बनवला. मी पाहत होतो. एकदम कोरा, पोटात एकही पत्र नाही. मंग एकेक करून बाकीची घरंही गेली. कोणी फारमात आयडी बदलला, कोणी नवा काढला. नितीन आता कोणालेही पहिले विचारते, "तुमचा स्वतःचा आहे का? नसन तं बसा, बनवू." देवकाबाईनं राजकुमाराले लिहिणं बंद केलं. तिनं सोंगाड्यायले एक एक करून मागं ढकललं, खऱ्यायले पुढं आणलं, अन् माझा चौकीदार पुन्हा शहाणा झाला. सत्तेचाळीस घरायचा मी आता एका घराचा राह्यलो. कधी कधी सुनं वाटते. पण पोटात दुखत नाही.

मित्रांनो, तुमचाही आयडी असाच तुमच्या भरवशावर बसला असन. त्याले गावाचा गंज करू नका. लकी ड्रॉच्या डब्ब्यात टाकू नका. अनोळखी पत्राले उत्तर देऊ नका, त्याच्यातलं बटण दाबू नका, अन् आठ दिवसातून एकदा मागच्या कोठ्यात डोकावून पाहत जा.

प्रियंकाले आता कोणी आयडी मागितला तं ती लगेच देत नाही. पहिले विचारते, "कायले पाहिजे?"

तुम्हीही विचारत जा. आमच्यासारखे आयडी बिचारे कोणालेच नाही म्हणू शकत नाहीत. जो येईन त्याले पोटात घेतो. नाही म्हणणारं तोंड देवानं तुमालेच देलं आहे.